तऱ्हेवाईक रिदम गेम

ज्या व्हिडिओ गेममध्ये संगीताच्या लयीत बटण दाबणे, ढोल बडवणे, पाय टाकणे किंवा हात हलवणे हाच मुख्य व्यवहार असतो, त्याला रिदम गेम म्हणतात. या प्रकाराची एक शाखा अगदीच चक्रम आहे. तिथे कागदासारखा चपटा कुत्रा रॅप करतो, कांद्याच्या तोंडावरचे केस चिमट्याने उपटायचे असतात आणि काळ्या गणवेशातले तीन तरुण परीक्षेला बसलेल्या मुलासाठी घाम गाळून नाचतात. ही शाखा मुख्यतः जपानमध्ये, १९९६ ते २००६ या दहा वर्षांत आकाराला आली. तिचा चक्रमपणा सजावटीपुरता आहे असे समजून समीक्षक बरेचदा पुढे सरकतात. वास्तविक खेळणाऱ्याला लय शिकवण्याचे निम्मे काम तोच करतो.

सुरुवात ‘पॅराप्पा द रॅपर’पासून धरतात. हा खेळ डिसेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये सोनीच्या प्लेस्टेशनवर आला. तो बनवणाऱ्या नानाऑन-शा या कंपनीचे संस्थापक मासाया मात्सुरा मुळात संगीतकार. ‘साइझ’ या पॉप जोडीतले. पात्रे काढली न्यूयॉर्कचे चित्रकार रॉडनी ग्रीनब्लाट यांनी. त्या काळी बाकीचे गेम त्रिमिती आकृत्या जास्तीत जास्त खऱ्या दिसाव्यात म्हणून धडपडत होते. इथे मात्र घरेदारे त्रिमिती आणि माणसे-प्राणी पुठ्ठ्याच्या कापट्यांसारखे सपाट. पॅराप्पा वळला की क्षणभर नुसती रेघ उरते.

खेळाची रचना गुरू-शिष्याची आहे. आधी गुरू एक ओळ रॅप करतो, मग तीच ओळ शिष्याने बटणे दाबून म्हणायची. गुरूंची यादी पाहण्यासारखी आहे : कांद्याच्या डोक्याचा कराटे मास्तर, ड्रायव्हिंग शिकवणारी सांबरीण, जुन्या बाजारात सामान विकणारा बेडूक, टीव्हीवर केक करून दाखवणारी कोंबडी. पाचव्या टप्प्यात पॅराप्पाला जोराची लागलेली असते आणि स्वच्छतागृहाबाहेर रांग असते. रांगेत पुढे हेच चौघे गुरू. प्रत्येकाला रॅपमध्ये हरवल्याशिवाय नंबर पुढे सरकत नाही. संगीताच्या तालमीला इतके खरे, इतके सर्वांना कळणारे निमित्त त्याआधी कोणत्या गेमने दिले असेल असे वाटत नाही.

गुण देण्याची पद्धतही सरळ नव्हती. पडद्यावर दाखवलेल्या खुणांवर तंतोतंत बटणे दाबली तर खेळाडू पास होतो, पण ‘कूल’ हा वरचा दर्जा हवा असेल तर ओळीत स्वतःची भर घालावी लागते. जास्तीच्या मात्रा, पलटे, एखाद्या अक्षराची पुनरावृत्ती. तो दर्जा मिळाला की गुरू बाजूला होतो आणि शिष्य एकटा, मनाला येईल तसा रॅप करत सुटतो. गंडाबंधन झालेल्या शिष्याला मैफलीत मोकळे सोडावे तसाच हा प्रकार. नेमके कशाला किती गुण मिळतात हे मात्र खेळ कधीच सांगत नाही, आणि वेळेची तपासणी अधूनमधून लहरी वाटते. हा दोष खराच आहे. मात्सुरा यांना या क्षेत्रातील वाट पाडण्याबद्दल २००४ मध्ये अमेरिकेतील गेम डेव्हलपर्स चॉइस पुरस्कारांत ‘फर्स्ट पेंग्विन’ हा सन्मान मिळाला.

पुढच्या तीन-चार वर्षांत आर्केडमध्ये, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनांत, लाट आली. कोनामीने १९९७ मध्ये डीजेच्या तबकडीचा ‘बीटमेनिया’, १९९८ मध्ये पायाखालच्या बाणांचा ‘डान्स डान्स रेव्होल्युशन’ आणि १९९९ मध्ये ‘गिटारफ्रीक्स’ काढला. सेगाने खुळखुळ्यांसारखे माराकास हातात देणारा ‘साम्बा दे आमिगो’ आणला, नामकोने २००१ मध्ये जपानी ढोलावरचा ‘ताइको नो तात्सुजिन’. यांतल्या बहुतेकांचा साचा एकच : खुणा सरकत येतात, ठरावीक रेघेवर पोचल्या की कृती करायची. सेगाच्याच ‘स्पेस चॅनल ५’मध्ये (१९९९) तेत्सुया मिझुगुची यांनी हा साचा टाळला. उलाला नावाची वार्ताहर परग्रहवासीयांशी नाचाचा सवाल-जवाब करते, आणि पडद्यावर एकही खूण नसते. जे ऐकले ते लक्षात ठेवायचे.

मात्सुरा यांचा १९९९ चा ‘व्हिब-रिबन’ सगळ्यांत काटकसरी. काळ्या पडद्यावर पांढरी रेघ आणि त्या रेघेवरून चालणारी व्हिब्री नावाची, रेघांचीच बनलेली सशीण; बाकी काही नाही. अडथळे चार प्रकारचे, शिवाय त्यांच्या जोड्या. गंमत अशी की पूर्ण खेळ प्लेस्टेशनच्या मेमरीत मावत असे, त्यामुळे गेमची डिस्क काढून घरातली कोणतीही गाण्याची सीडी आत घालता येई. मग यंत्र त्या गाण्यावरून अडथळ्यांचा रस्ता आखून देई. चुका वाढल्या की व्हिब्रीच्या रेघा थरथरू लागतात, सशिणीचा बेडूक होतो, बेडकाचा किडा. आयुष्य किती उरले हे दाखवायला वेगळी पट्टी लागतच नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये पहिले १४ व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यांत हा होता.

‘ओसु! तातकाए! ओएन्दान’ (२००५) निन्टेन्डो डीएस या हातातल्या यंत्रासाठी इनिस या कंपनीने केला. जपानी शाळा-कॉलेजांत सामन्याच्या वेळी आरोळ्या देऊन संघाला चेव आणणारी पथके असतात, त्यांचाच हा विनोदी अवतार. कोणीतरी संकटात सापडतो, जिवाच्या आकांताने ओरडतो, आणि पथक हजर होऊन नाचू लागते. संकटे कसली? प्रवेशपरीक्षेचा अभ्यास, न चालणारे रामेनचे (शेवयांच्या सूपचे) दुकान, आणि शेवटी पृथ्वीवर आदळू पाहणारी उल्का. प्रत्येकासाठी तोच आवेश. गाणी जपानी असल्याने परदेशासाठी निराळा खेळ करावा लागला; तो २००६ चा ‘एलिट बीट एजंट्स’. त्यातल्या एका टप्प्यात थट्टा एकदम थांबते : अपघातात गेलेल्या वडिलांची नाताळला वाट पाहणारी लहान मुलगी. एवढ्या हसवणुकीनंतर तो प्रसंग अंगावर येतो, आणि पथकही तिथे नेहमीसारखे आरडाओरडा करत नाही.

या शाखेचे सर्वांत नीट उदाहरण ‘रिदम तेन्गोकु’, म्हणजे लयीचा स्वर्ग. हा खेळ निन्टेन्डोने ऑगस्ट २००६ मध्ये गेम बॉय ॲडव्हान्स या आपल्या हातातल्या यंत्रासाठी फक्त जपानमध्ये काढला. कल्पना त्सुंकु यांची; ते गायक आणि ‘मॉर्निंग मुसुमे’ या गायिकांच्या गटाचे निर्माते. लय अंगात भिनवता येते, ती डोळ्यांनी पाहायची गोष्ट नाही, हा त्यांचा आग्रह. त्यासाठी गेम बनवणाऱ्यांपैकी काहींना नाचाच्या शिकवणीला पाठवले गेले. पुढे मालिकेत २००८ मध्ये डीएसवर, २०११ मध्ये ‘वी’वर आणि २०१५ मध्ये ‘थ्रीडीएस’वर (ही निन्टेन्डोचीच यंत्रे) खेळ आले, आणि ते अमेरिकेत ‘रिदम हेवन’, तर युरोपात ‘रिदम पॅरडाइज’ या नावाने पोचले.

हा एक सलग खेळ नसून मिनिट-दोन मिनिटांच्या छोट्या खेळांचा संच आहे. केस उपटण्याचा खेळ जवळून पाहू. एका भाजीचा चेहरा समोर येतो. पहिल्या चार मात्रांत त्यावर टुण्‌, टुण्‌ करत केस उगवतात. काही नेमके ठोक्यावर, काही दोन ठोक्यांच्या मधे. पुढच्या चार मात्रांत चिमटा त्याच वाटेने फिरतो आणि जिथे केस उगवला होता तिथेच बटण दाबून तो उपटायचा. एखादा कुरळा लांब केस आला तर बटण धरून ठेवायचे. म्हणजे बोल ऐकून लगेच हातावर वाजवून दाखवण्याचा हा रियाज झाला, फक्त तबल्याच्या जागी भाजी. केस अर्धा तुटून राहिला की कुठे चुकलो हे कोणी सांगावे लागत नाही. चेहऱ्यावर खुंट दिसतो.

संचातला दुसरा प्रसिद्ध प्रकार रांगेत ठेका धरून चालण्याचा. डीएसवरच्या आवृत्तीत पात्रांचा जथा ठोक्यावर पावले टाकत असतो. इशारा मिळाला की सगळे ठोक्यांच्या मधल्या जागेवर सरकतात, पुन्हा इशारा, पुन्हा ठोक्यावर. इकडे चित्र हळूहळू लांब जाते, एक पात्र मुंगीएवढे होते, मग पडदाभर नुसती वळवळ. डोळ्यांवर विसंबणाऱ्याची फजिती ठरलेली. डोळे मिटून खेळणारा बहुधा तरतो, आणि हे मालिकेतल्या बऱ्याच खेळांना लागू आहे. वीवरच्या आवृत्तीत पहिलवानाची मुलाखत आहे : वार्ताहर बाई अगम्य भाषेत भराभर प्रश्न विचारते, पहिलवान योग्य मात्रेवर मान हलवून हुंकार देतो, मग छायाचित्रकारांसाठी दंड फुगवतो. प्रश्नाचा अर्थ कोणालाच कळत नाही. कळण्याची गरजही नाही, कारण त्या बडबडीच्या लयीतच उत्तराची जागा दडलेली असते.

चक्रमपणा कामाला येतो तो इथे. विनोद आणि लय दोघांचाही जीव नेमक्या क्षणात असतो. क्षणभर उशिरा आलेली कोपरखळी वाया जाते, तसाच ठोका. म्हणून कराटेपटूने हवेत उडून आलेल्या फुलदाणीला मारलेला ठोसा वेळेवर बसला की हसू येते, आणि त्या हसण्यातच मेंदू ती वेळ नोंदवून ठेवतो. शिवाय प्रत्येक खेळाचा इशारा निराळ्या विचित्र आवाजाचा असल्याने तो विसरता येत नाही. ‘रीमिक्स’ नावाच्या टप्प्यांत याची परीक्षा होते. आधीचे खेळ एकाच नव्या गाण्यात मिसळून येतात, दोन-चार मात्रांवर दृश्य बदलते, आणि चिमटा, ठोसा, हुंकार ही सगळी एकाच ठेक्याची रूपे होती हे हाताला डोक्याआधी कळते.

दुसरे काम लाज घालवण्याचे. लय चुकणे ही चारचौघांत ओशाळवाणी गोष्ट आहे. वरातीत टाळ्या भलतीकडेच पडणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. ‘रिदम तेन्गोकु’ चुकणाऱ्याला आकड्यांत गुण दाखवत नाही. एखादे मिश्कील वाक्य आणि ‘पुन्हा करून बघा’, एवढेच. डीएसच्या आवृत्तीत पुन्हा पुन्हा अडलेल्याला खेळातल्याच एका कॅफेचा मालक हा खेळ सोडून पुढे जा असे सुचवतो. उलट ज्याला जमले त्याला मर्यादित संधींत एकही चूक न करता पुरे करण्याचे आव्हान मिळते, आणि तिथे हाच गोंडस खेळ निर्दय होतो.

माणूस ठोक्याबरोबर बोट आपटतो तेव्हा तो बहुधा किंचित आधीच आपटतो, काही सहस्रांश सेकंद, आणि त्याला ते जाणवत नाही. ही गोष्ट मानसशास्त्राच्या प्रयोगांत वारंवार दिसली आहे. याचा अर्थ आपण ठोका ऐकून प्रतिसाद देत नाही, त्याचा अंदाज बांधतो. रिदम गेमचे सुख या अंदाजाचे आहे. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये ५०० सहस्रांश सेकंद असतात; सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या पडद्यावर तेवढ्यात ३० चित्रे सरकतात, आणि बरोबर-चूक ठरवण्याची खिडकी त्यांतल्या मोजक्याच चित्रांइतकी.

अमेरिकेत या प्रकाराला खरी बाजारपेठ मिळाली ती ‘गिटार हिरो’ (२००५) आणि ‘रॉक बँड’ (२००७) यांच्या प्लास्टिकच्या वाद्यांमुळे. हे खेळ तऱ्हेवाईक नव्हते. आपण रॉकस्टार आहोत ही भावना ते विकत होते. दरवर्षी नव्या आवृत्त्या, महागडी वाद्ये आणि गाण्यांचे परवाने यांच्या ओझ्याखाली ती लाट २०११ पर्यंत ओसरली. स्वतःची गाणी स्वतः रचणाऱ्या ‘पॅराप्पा’ किंवा ‘तेन्गोकु’सारख्या खेळांना परवान्यांचा हा जाच फारसा झाला नाही.

ओएन्दानचा वारसा इंटरनेटवर गेला. ऑस्ट्रेलियाच्या डीन हर्बर्ट यांनी त्याच धर्तीवर २००७ मध्ये ‘ओसु!’ हा संगणकावरचा मोफत खेळ काढला आणि त्यात कोणत्या ठोक्यावर काय करायचे याचे गाण्यागणिक नकाशे खेळाडूच बनवू लागले. ‘फ्रायडे नाइट फंकिन’ (२०२०) सरळसरळ पॅराप्पाच्या रॅप-झुंजीवर उभा आहे. ‘हाय-फाय रश’मध्ये (२०२३) नायकाच्या छातीत संगीत वाजवणारे यंत्र अडकते आणि झाडांपासून शत्रूपर्यंत सारे जग ठोक्यावर हलते. ‘तेन्गोकु’च्या सर्वांत जवळचा मला वाटतो तो ‘रिदम डॉक्टर’. रुग्णाच्या हृदयाचे सात ठोके, आणि सातव्यावर एकच बटण. रूपक तालाच्या सात मात्रा ज्याच्या बोटांत आहेत त्याला हे पोरखेळ वाटेल, पण रूपकात सगळे लक्ष पहिल्या मात्रेकडे लागलेले असते आणि इथे शेवटच्या मात्रेकडे. ती सवय मोडावी लागते. पुढे ठोके गाळले जातात, मागेपुढे होतात, आणि एका टप्प्यावर खेळाची खिडकीच संगणकाच्या पडद्यावर इकडून तिकडे नाचू लागते.

जुने खेळ आज खेळायचे तर एक व्यावहारिक अडचण आहे. काचेच्या नळीचा जुना टीव्ही आलेले चित्र जवळजवळ तत्काळ दाखवत असे. सपाट टीव्ही चित्रावर आधी प्रक्रिया करतो, त्यात काही चित्रांचा वेळ जातो. ब्लूटूथ इअरफोन लावले तर आवाज आणखी मागे पडतो. गोळीबाराच्या खेळात हा उशीर खपून जाईल, रिदम गेममध्ये त्याने खेळच मोडतो. म्हणून हल्लीचे बहुतेक रिदम गेम सुरुवातीलाच काही ठोक्यांवर बटण दाबायला लावून ही तफावत मोजून घेतात. ‘पॅराप्पा’ची प्लेस्टेशन ४ वरची नवी आवृत्ती २०१७ मध्ये आली तेव्हा समीक्षकांची मुख्य तक्रार याच उशिराची होती. तारेचे इअरफोन आणि टीव्हीचा ‘गेम मोड’ हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.