जड पाण्याच्या मुलखात ड्रिप कॉफी

ड्रिप यंत्रातून, म्हणजे गरम पाणी पुडीवर सोडून कागदातून कॉफी गाळणाऱ्या विजेच्या यंत्रातून, उतरलेल्या शंभर ग्रॅम कॉफीत पुडीतून विरघळून आलेले पदार्थ जेमतेम सव्वा ग्रॅम असतात, बाकी सगळे पाणी असते. तरीही कॉफी मनासारखी झाली नाही की आपण आधी पुडी बदलतो, मग यंत्राला दोष देतो आणि पाण्याकडे वळतच नाही. विदर्भातील गावांत मात्र तपासाची सुरुवात पाण्यापासूनच व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण इथे एका आळीतील विहिरीचे पाणी गोड लागते आणि पलीकडच्या बोअरचे पाणी मचूळ निघते, हा नेहमीचा अनुभव आहे.

पश्चिम विदर्भाचा मोठा भाग दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर वसलेला आहे. पावसाचे पाणी मातीतून खाली झिरपताना मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते, त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी होते आणि वर्षानुवर्षे खडकातील खनिजे झिजवत राहते. काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात, तेही या पाण्यात विरघळतात. या सगळ्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि त्यांच्या जोडीने बायकार्बोनेट पाण्यात उतरते. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला दुष्फेन म्हटले आहे, घरोघरी त्याला जड पाणी म्हणतात आणि ते ओळखण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. त्यात साबणाला फेस येत नाही, तापवण्याच्या भांड्यात पांढरा थर बसतो आणि तुरीची डाळ शिजता शिजत नाही, कारण डाळीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शियम आणखी घट्ट बांधून टाकते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची गोष्ट आणखी वेगळी आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतील शेकडो गावे या पट्ट्यात येतात आणि तेथील भूजलात सोडियमचे क्षार इतके असतात की ते पिण्यालाच योग्य नसते, मग कॉफीचा प्रश्न उरत नाही.

या क्षारांचा कॉफीवर होणारा परिणाम सरळ एका दिशेचा नाही. कॅल्शियम आणि विशेषतः मॅग्नेशियम यांचे धनभारित आयन कॉफीतील चवीच्या रेणूंना आकर्षून घेतात, म्हणून ते थोड्या प्रमाणात हवेच असतात. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात ख्रिस्तोफर हेंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या संगणकीय अभ्यासात, हे काम मॅग्नेशियम सर्वांत चांगले करते आणि सोडियमचा त्यासाठी फारसा उपयोग होत नाही, असे दिसून आले. खरी अडचण बायकार्बोनेटची आहे. भाजलेल्या कॉफीत सायट्रिक, मॅलिक, क्लोरोजेनिक, क्विनिक अशी अनेक आम्ले असतात आणि कॉफीच्या चवीतील टवटवी त्यांच्यावरच अवलंबून असते. बायकार्बोनेट ही आम्ले मारून टाकते. त्यामुळे जड पाण्यात केलेली कॉफी मिळमिळीत आणि खडूसारखी लागते, आणि पुडी कितीही वाढवली तरी त्यात कडवटपणाखेरीज काही वाढत नाही.

हे कळल्यावर पुष्कळ जण थेट आरओच्या पाण्याकडे वळतात. गावोगावी आता आरओची केंद्रे झाली आहेत आणि वीस लिटरची कॅन सहज मिळते. पण नुसत्या आरओच्या पाण्यात बहुतेकदा क्षार इतके कमी उरतात की कॉफीतील आम्लांना सावरायला काहीच राहत नाही आणि चव टोकदार, आंबट होते. स्पेशालिटी कॉफी असोसिएशन या आंतरराष्ट्रीय संस्थेने कॉफीच्या पाण्यासाठी सुचवलेले लक्ष्य म्हणजे दर लिटरला विरघळलेले क्षार साधारण १५० मिलिग्रॅम आणि अल्कता, म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेटमुळे येणारी आम्ल मारण्याची क्षमता, साधारण ४० मिलिग्रॅम. इतके काटेकोर पाणी घरी मिळणे अवघड असले, तरी त्याच्या जवळ जाता येते. समजा, विहिरीच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे दर लिटरला विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम, ६०० आहे आणि आरओच्या पाण्याचा ५० आहे, तर एक भाग विहिरीचे आणि चार भाग आरओचे पाणी एकत्र केल्यास मिश्रणाचा टीडीएस १६० होतो. टीडीएस मीटर स्वस्तात मिळतो, परंतु तो केवळ पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि त्यातील क्षार कॅल्शियमचे आहेत की सोडियमचे हे सांगू शकत नाही, म्हणून शेवटचा निर्णय जिभेवरच सोपवावा.

मिसळण्याचा हा उपाय पिण्यास योग्य ठरलेल्या पाण्यासाठीच आहे. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आढळते, काही ठिकाणी नायट्रेटही असते, आणि पाणी उकळल्याने हे दोन्ही घटक जात नाहीत, उलट वाफ होऊन पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून घेता येते. अहवाल हाती नसेल, तर अशा भागातील बोअरचे पाणी कॉफीसाठीही वापरू नये.

ज्यांच्याकडे आरओ नाही, पण पाणी निर्धोक आणि नुसतेच जड आहे, त्यांच्यासाठी जुना उपाय आजही उत्तम आहे. पाणी दहा मिनिटे चांगले उकळावे, झाकून रात्रभर ठेवावे आणि सकाळी तळाचा गाळ न ढवळता वरचे निवळ पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. उकळताना कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते, म्हणजे जडपणाबरोबर बायकार्बोनेटही कमी होते आणि कॉफीला नेमके तेच हवे असते. सल्फेट आणि क्लोराइडमुळे आलेला जडपणा मात्र याने जात नाही. पाणी मऊ करणाऱ्या यंत्राचा उपयोगही इथे होत नाही, कारण ते कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम सोडते आणि बायकार्बोनेट जसेच्या तसे ठेवते. असे पाणी कॉफीच्या थरातून फार सावकाश झिरपते आणि कॉफी कडू करते.

आता यंत्राकडे वळू. ड्रेस्डेन येथील मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ साली टीपकागद वापरून कॉफी गाळण्याची युक्ती काढली आणि १९५४ साली जर्मनीतच विगोमॅट हे विजेवर चालणारे पहिले ड्रिप यंत्र आले. आजच्या साध्या यंत्राची रचना विलक्षण सोपी आहे. टाकीतील पाणी एका झडपेतून तळाच्या नळीत उतरते, ही झडप पाण्याला पुढे जाऊ देते पण मागे फिरू देत नाही. नळीला चिकटून विजेचे तापक असते. पाणी उकळीला आले की वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि ते आपल्याबरोबर गरम पाण्याचे टप्पे वर ढकलत नेतात, ते पाणी फवाऱ्यातून पुडीवर पडते. या यंत्रात पंप नसतो, पाणी वर चढवण्याचे सगळे काम वाफच करते. त्याच तापकावर काचेच्या भांड्याखालची तवकडीही गरम होते.

म्हणूनच विजेचा दाब हा इथे चवीचा प्रश्न होतो. तापकाची शक्ती दाबाच्या वर्गाच्या, म्हणजे दाब गुणिले दाब या, प्रमाणात बदलते. २३० व्होल्टला ८०० वॅट देणारे यंत्र १८० व्होल्टला सुमारे ४९० वॅटच देते. रब्बीच्या हंगामात शेतातील मोटारी सुरू झाल्यावर गावात दाब पडतो, तेव्हा असे आकडे मुळीच दुर्मीळ नसतात. २७ अंशाचे ६०० मिलिलिटर पाणी ९२ अंशांपर्यंत नेण्यास पूर्ण दाबावर हिशेबाने साधारण साडेतीन मिनिटे लागतात, पडलेल्या दाबावर साडेपाच. प्रत्यक्षात काही उष्णता वाफेत आणि तवकडीत जाते, त्यामुळे दोन्ही वेळा आणखी लांबतात. पाणी थेंबथेंब पडू लागले की ते वाटेतच निवते, शिवाय पुडीशी जास्त वेळ राहते, आणि कॉफी एकाच वेळी फिकी आणि कडवट होते. कॉफी उतरण्यासाठी पाणी ९० ते ९६ अंशांचे आणि एकूण वेळ चार ते आठ मिनिटांचा असावा, हे सर्वमान्य प्रमाण आहे. मे महिन्यात याच्या उलट घडते. स्लॅबवरच्या टाकीतील पाणी आधीच चाळिशीला पोहोचलेले असते, ते हिशेबाने पावणेतीन मिनिटांतच तापून निघून जाते आणि पुडीला पुरेसा वेळ मिळत नाही. उन्हाळ्यात म्हणूनच माठातील पाणी वापरावे, आणि हिवाळ्यात मोटारींची वेळ टाळून कॉफी करावी. वर्षभर उपयोगी पडणारी आणखी एक गोष्ट अशी की, आधी पुडी न घालता कपभर पाणी यंत्रातून जाऊ द्यावे. नळी, फवारा, कागद आणि भांडे तापलेले असले की पहिल्या पाण्याची उष्णता वाया जात नाही. मध्येच वीज गेली तर उरलेले पाणी गॅसवर उकळून अर्धा मिनिट थांबावे आणि चमच्याने गोल फिरवत पुडीवर सोडावे, कॉफी मुळीच बिघडत नाही.

पुडीविषयी थोडक्यात सांगतो. झटपट विरघळणारी कॉफी या यंत्रासाठी नाही, कारण ती आधीच उतरवून वाळवलेली असते. दुकानातील बऱ्याच पुड्यांत चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची पूड, मिसळलेली असते आणि नियमानुसार तिचे प्रमाण ४९ टक्क्यांपर्यंत असू शकते. चिकोरी कॉफीपेक्षा कितीतरी जास्त विरघळते, दाट रंग देते आणि पाण्याने फुगून कागद तुंबवते, तेव्हा पाकिटावरील बारीक अक्षरे वाचून शुद्ध कॉफी घ्यावी. बिया मागवून घरी दळता आल्या तर सर्वांत चांगले, कारण दळलेल्या कॉफीचा सुवास काही दिवसांतच उडून जातो आणि आपल्याकडील उन्हाळ्यात तर त्याहूनही लवकर. कॉफीची झाडे विदर्भाला अपरिचित नाहीत, चिखलदऱ्याच्या डोंगरात ती इंग्रजांच्या काळापासून आहेत.

घरच्या मिक्सरमध्ये दळताना काही कण पिठासारखे आणि काही भरड राहतात. पिठासारख्या कणांतून कडवट द्रव्ये लवकर सुटतात, भरड कणांचा गाभा कोरडाच राहतो, आणि दोन्ही दोष एकाच कपात उतरतात. मिक्सर सलग न फिरवता दोन-तीन सेकंदांच्या झटक्यांनी चालवावा, मधे भांडे हलवावे आणि जाड रव्याइतके कण झाले की थांबावे. नंतर मैद्याच्या चाळणीने अगदी बारीक पीठ काढून टाकावे. थोडी नासाडी होते, पण चवीतील फरक पहिल्याच घोटात कळतो. महागडे यंत्र घेण्याआधी पैसे दळण्याच्या साधनावर खर्च करावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रमाण चमच्याने न मोजता वजनाने घ्यावे. लिटरभर पाण्याला ५५ ते ६० ग्रॅम हे प्रमाण धरले, तर ३०० मिलिलिटर पाण्याला १८ ग्रॅम पुडी लागते. पुडी आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून भांड्यात साधारण २६४ मिलिलिटर उतरते. त्यात १.३ टक्के पदार्थ विरघळले असतील, तर पुडीतून जवळपास साडेतीन ग्रॅम, म्हणजे सुमारे १९ टक्के बाहेर आले. अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ अर्नेस्ट लॉकहार्ट यांनी १९५० च्या दशकात चवीच्या चाचण्यांवरून मांडलेली १८ ते २२ टक्क्यांची मर्यादा आजही वापरात आहे. कॉफीतील आम्ले आधी उतरतात, गोडसर पदार्थ त्यामागून आणि कडवट, तुरट द्रव्ये सर्वांत शेवटी येतात, त्यामुळे या मर्यादेच्या अलीकडे कॉफी आंबट राहते आणि पलीकडे कडू होते. दूध घालून पिणाऱ्यांनी पाणी तेवढेच ठेवून पुडी दीडपट घ्यावी आणि दूध वेगळे तापवून वरून घालावे. दुधातील केसिन हे प्रथिन तुरट द्रव्यांना बांधून ठेवते, म्हणून दुधाची कॉफी सौम्य लागते.

कॉफी तयार झाल्यावर ती तवकडीवर ठेवणे हा मात्र तिच्यावर अन्याय आहे. सतत उष्णतेत क्लोरोजेनिक आम्ले आणि त्यांच्यापासून भाजताना बनलेली लॅक्टोन नावाची संयुगे फुटून क्विनिक आम्ल वाढते, आणि अर्ध्या तासात कॉफीला एक करपट आंबटपणा येतो. पाहुणे यायचे असतील तर ती लगेच थर्मासमध्ये ओतावी.

जड पाण्याचा उरलेला त्रास यंत्राला होतो. नळीच्या आत बसणारा कॅल्शियम कार्बोनेटचा थर उष्णता अडवतो, नळी अरुंद करतो आणि झडपेत अडकला की पाणी बुडबुडत टाकीत परत येऊ लागते. यंत्राचा आवाज वाढला आणि कॉफी उतरायला नेहमीपेक्षा वेळ लागू लागला की थर साचला आहे असे समजावे. किराणा दुकानात मिळणारे लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक आम्ल, अर्ध्या लिटर पाण्यात दोन लहान चमचे विरघळवावे, त्यातील निम्मे पाणी यंत्रातून जाऊ द्यावे आणि बटण बंद करून अर्धा तास थांबावे. हे पाणी सतत उकळत ठेवू नये, कारण कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळते आणि त्याचाच नवा थर बसू शकतो. संडास साफ करण्याचे ॲसिड तर चुकूनही वापरू नये, ते ॲल्युमिनियमची नळी खाऊन टाकते. उरलेले लिंबूफुलाचे पाणी काढल्यावर साध्या पाण्याच्या दोन फेऱ्या द्याव्यात, आणि दुसऱ्या फेरीचे पाणी चाखल्यावर आंबट लागले, तर तिसरी फेरी द्यावी.