मोर्चाने सरकार नमलं, म्हणून सरकार पडेल का?

सरकारला मागणी मान्य करायला लावणं आणि सरकारची मतं खाणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपण ती सर्रास एकात घालतो आणि मग "एवढा मोठा मोर्चा निघाला, निवडणुकीत काय दिवे लावले?" असं विचारतो. मला हा प्रश्नच अन्यायाचा वाटतो.

मार्च 2018चा किसान लाँग मार्च आठवा. नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी, त्यातले बहुतेक आदिवासी, सहा दिवस चालत मुंबईत आले. दहावीची परीक्षा सुरू होती. सकाळी पोरांची अडचण नको म्हणून सोमय्या मैदानात जेमतेम टेकलेली माणसं रात्रीच उठली आणि फोड आलेल्या पायांनी पहाटे आझाद मैदानात पोचली. कसतोय ती वनजमीन आमच्या नावावर करा, ही त्यांची मोठी मागणी. 12 मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिलं. दीड वर्षाने विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा मोर्चाचे नेते जे. पी. गावित स्वतःच्या कळवणमध्ये पडले. त्यांच्या माकपला डहाणू मिळालं; आधी एक आमदार होता, नंतरही एकच.

मोर्चात माणूस एका मागणीसाठी चालतो. मत देताना मात्र उमेदवार, जात, गावातली गटबाजी, कोण निवडून येईल, सगळंच मनात असतं.

शिवाय मागणी मान्य झाली की राग निवतो. दिल्लीच्या वेशीवर शेतकरी ज्यांच्याविरुद्ध बसले होते ते केंद्राचे कृषी कायदे नोव्हेंबर 2021मध्ये मागे घेतले गेले, उत्तर प्रदेश आणि पंजाबची निवडणूक तोंडावर असताना. मतांची धास्ती होतीच, असं माझं मत. पण 2022मध्ये उत्तर प्रदेश भाजपनेच राखलं, आणि पंजाबात शेतकरी नेत्यांनी काढलेल्या पक्षाला एकही जागा मिळाली नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात रस्ता आणि मतपेटी जुळली, कारण विरोधी पक्ष समिती म्हणून एकत्र लढले. 1957मध्ये पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर फटका बसला. तरी मराठी-गुजराती अशा द्विभाषिक मुंबई राज्यात सत्ता काँग्रेसचीच राहिली, आणि 1 मे 1960ला मराठी राज्य त्याच सत्तेला द्यावं लागलं.

म्हणून लाँग मार्चचा हिशेब मी आमदारांच्या आकड्यात करत नाही, सातबाऱ्यावर करते. तिथे बाकी अजून मोठी आहे: फेब्रुवारी 2019 आणि मार्च 2023मध्ये नाशिक जिल्ह्यातून शेतकरी पुन्हा चालत निघाले, आणि वनजमिनीची मागणी दोन्ही वेळा सोबत होती.