पार्श्वभूमी : मराठवाड्याच्या शिवारात ड्रोन शिकवणारी पोरं कुठून आली?

मराठवाड्यात बहुतेक गावांनी ड्रोन पहिल्यांदा पाहिला तो लग्नाच्या मांडवावर. ऑक्टोबर 2014 मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी ड्रोनवर बंदी घातली, तरी वरातीवरून कॅमेरे फिरतच राहिले. ते उडवणारी पोरं कुणाकडे शिकली नव्हती. व्हिडिओ बघत, पाती मोडत त्यांचा हात बसला. डिसेंबर 2018 पासून परवान्याची सोय झाली, पण ती किचकट होती. वाट मोकळी झाली ती 25 ऑगस्ट 2021 च्या ड्रोन नियमांनी. अर्जांचे नमुने 25 वरून 5 वर आले. वय 18 पूर्ण, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण, एवढ्यावर चालकाचं प्रमाणपत्र मिळू लागलं. आज पंचविशीतले तरुण तज्ज्ञ गावागावांत ड्रोन शिकवताना दिसतात, ते या नियमांमुळे.

दरम्यान ड्रोन सरकारी कामातही आला होता. जुन्या मोजणीत शेतजमिनीचे नकाशे झाले, गावठाणातली घरं मात्र बहुतेक ठिकाणी नकाशाबाहेरच राहिली. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरीत ड्रोनने गावठाण मोजून पाहिलं गेलं. पुढे 24 एप्रिल 2020 ला गावठाणं अशीच मोजण्याची केंद्राची स्वामित्व योजना सुरू झाली. उड्डाणाआधी प्रत्येक घराच्या हद्दीवर चुन्याची रेघ मारतात, म्हणजे वरून ती स्पष्ट दिसते. रेघ चुकली की नकाशातली भिंत सरकते आणि भाऊबंदकी पेटते. म्हणून या कामात जमिनीवरचा माणूस उडवणाऱ्याइतकाच महत्त्वाचा.

पण मराठवाड्याला ड्रोनची निकड भासली ती फवारणीसाठी. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. ती धास्ती इकडच्या कापूस पट्ट्यातही आहे. त्यात मजुरांची अडचण. दिवाळीच्या सुमारास बीड, धाराशिवच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात, आणि तूर फुलोऱ्यात येऊन अळी पडते ती नेमकी तेव्हाच. तूर तोवर डोक्याबरोबर वाढलेली. पाठीवर पंप घेऊन तिच्यात शिरायचं म्हणजे औषध स्वतःच्याच तोंडावर. पावसाळ्यात दुसरी तऱ्हा : काळ्या रानाला वाफसा येईपर्यंत सोयाबीनमध्ये पाय टाकता येत नाही आणि अळी थांबत नाही. ड्रोनला चिखल आडवा येत नाही. दहा लिटरच्या टाकीत साधारण एकरभर रान दहाएक मिनिटांत होतं. पाठीवरच्या पंपाला एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं.

इथेच शिकवणाऱ्याचं काम सुरू होतं. पाणी इतकं कमी म्हणजे औषध दाट, आणि दाट औषध वाऱ्याने शेजाऱ्याच्या रानात गेलं तर त्याचं पीक जळू शकतं. केंद्राने डिसेंबर 2021 मध्ये ड्रोन फवारणीची कार्यपद्धती ठरवून दिली, पण बांधावर उभं राहून वारा ओळखणं, उंची धरणं, पिकानुसार नोझल बदलणं हे हाताला धरूनच शिकवावं लागतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने जागतिक बँकेच्या मदतीच्या नाहेप, म्हणजे राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पात ड्रोन, रोबोट आणि डिजिटल शेतीचं काम हाती घेतलं. 2023 मध्ये नमो ड्रोन दीदी योजना आली. महिलांच्या 15,000 बचत गटांना ड्रोन आणि त्याच्या किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाखांपर्यंत मदत असं तिचं स्वरूप. त्यामुळे प्रशिक्षणाच्या मैदानावर बायाही आल्या, ही मला यातली सगळ्यात मोलाची घडामोड वाटते.

2024 च्या पावसाळ्यात बीड, जालना, संभाजीनगर भागात रात्री ड्रोन फिरत असल्याच्या चर्चेने गावंच्या गावं जागली. अशा वेळी आभाळातला दिवा कशाचा, परवानगी कोण देतं, विमानतळाजवळ कुठे उडवायचं नाही हे गावातल्याच एखाद्या जाणकाराने सांगितलं तर लोक ऐकतात.

आता अडचण दुरुस्तीची आहे. एक बॅटरी जेमतेम पंधरा-वीस मिनिटं टिकते, म्हणून शेतावर जादा बॅटऱ्या आणि जनरेटर न्यावा लागतो. मोटर जळाली आणि सुटा भाग लांबच्या शहरातून मागवायची वेळ आली, तर तुरीच्या फवारणीचे मोजके दिवस हातचे जातात. म्हणून या तरुण तज्ज्ञांनी उडवण्याबरोबर सोल्डरिंग, मोटर बदलणं आणि बॅटरीची निगा यांचेही वर्ग तालुक्याच्या गावी भरवायला हवेत.