टंगस्टनचा बारीक छर्रा इतक्या लांब कसा पोचतो?

अमेरिकेत जंगली टर्की नावाचा पक्षी आहे, मोठा नर सहज 8-10 किलोचा, अंगावर पिसांचा जाड थर, म्हणून तिथले शिकारी त्याच्या अंगावर नेम धरतच नाहीत, डोकं आणि मान हेच लक्ष्य. कित्येक वर्षं या शिकारीची हद्द 40 यार्ड म्हणजे साधारण 36 मीटर मानली जायची, त्यापुढे शिशाचे छर्रे भरवशाचे राहत नाहीत. मग टंगस्टनचे छर्रे आले आणि लोक 60 यार्डाच्या गोष्टी करून राहिले. बंदूक तीच, वेगही जवळपास तोच, आणि छर्रा तर आधीपेक्षा बारीक! (आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा आहे, शिकार बंद आहे आणि बंदच राहावी असं माझं ठाम मत आहे, वरोऱ्याकडचा माळढोक आपल्या डोळ्यादेखत संपत आला. पण यातलं फिजिक्स समजून घ्यायला काय हरकत आहे.)

नळीतून सुटल्यावर छर्ऱ्याला पुढे ढकलणारं कोणीच नसतं, समोरची हवा मात्र सतत अडवत असते. हवा किती अडवणार हे छर्ऱ्याच्या समोरच्या क्षेत्रफळावर, आणि त्या अडवण्याला तो किती दाद देणार हे वजनावर. गोल छर्ऱ्यासाठी हे गणित फार सोपं होतं, घनता गुणिले व्यास, बस. हा गुणाकार जितका मोठा तितका वेग जास्त लांबपर्यंत टिकतो.

आता आकडे टाका. शिशाच्या छर्ऱ्याची घनता 11 च्या आसपास (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर), टर्कीसाठी चालणारा 5 नंबरचा छर्रा (नंबर मोठा तितका छर्रा बारीक) 3.05 मिमीचा, गुणाकार येतो 34. टंगस्टनच्या छर्ऱ्याची घनता 18, 9 नंबरचा छर्रा फक्त 2.03 मिमीचा, गुणाकार 36.5. म्हणजे बारीक असूनही तो शिशाच्या पुढे! स्टीलने हेच साधायचं तर घनता 7.8 असल्यामुळे छर्रा 4.7 मिमीचा घ्यावा लागेल, आणि मग काडतुसात 28 ग्रॅम छर्रे भरले तर जेमतेम 65 बसतात. शिशाचे 170 बसतात. टंगस्टनचे साडेतीनशेच्या वर. सगळी जादू इथे आहे माझ्या मते, लोक "जास्त ताकद" म्हणतात पण एकेका छर्ऱ्याचं वजन तर शिशाच्या छर्ऱ्याच्या निम्म्याहूनही कमी आहे, फायदा होतो तो संख्येचा.

टंगस्टन जड म्हणजे किती जड ते बघायचं असेल तर नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत टिग वेल्डिंग (टंगस्टनच्या सळईने ठिणगी पाडून धातू जोडणं) करणाऱ्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा. टिगच्या टॉर्चमध्ये जी टोकदार सळई असते ती टंगस्टनचीच. 2.4 मिमी जाड, 150 मिमी लांब नवी सळई एका हातात घ्या आणि तेवढीच स्टीलची तार दुसऱ्या हातात. एक 13 ग्रॅम, दुसरी सव्वापाच. डोळ्यांना दोन्ही सारख्या दिसतात, तळहाताला फरक लगेच कळतो.

माझा मावसभाऊ मिसुरीत राहतो, त्याने मला पुठ्ठ्याचा फोटो पाठवला होता. मोसमाआधी तिथले शिकारी पुठ्ठ्यावर 10 इंचाचं वर्तुळ काढून त्यावर बंदूक झाडतात आणि भोकं मोजतात, निदान 100 आत पाहिजेत असा रूढ हिशोब आहे. 40 यार्डावरच्या पुठ्ठ्यात भोकं इतकी दाट की मधला भाग चाळणीसारखा झालेला, 60 वर मात्र मधेमधे मोकळ्या जागा दिसायला लागलेल्या. कारण छर्रे पसरतच जातात, अंतर दीडपट झालं की क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, तिथे घनता काहीच करू शकत नाही. टंगस्टन कडक असल्यामुळे नळीत चेपत नाही, गोलच राहतो, म्हणून भरकटणारे छर्रे कमी असतात एवढाच काय तो दिलासा. (याच कडकपणाने नळीला ओरखडे पडतात, म्हणून काडतुसात जाड प्लास्टिकचा कप लागतो.)

गुरुत्वाकर्षणालाही जड-हलकं कळत नाही. 60 यार्ड जायला साधारण 0.2 सेकंद लागतात, तेवढ्यात कुठलाही छर्रा 20 सेंटीमीटर खाली येतो. अंतराचा अंदाज चुकला तर छर्रे मानेऐवजी अंगात बसतात, पक्षी जखमी होऊन झाडीत जातो आणि तिथे तडफडत मरतो. म्हणून "60 यार्ड मारता येतं" हे वाक्य मला पटत नाही, पोचतं हे खरं, पण पोचणं वेगळं आणि नेमकं मारणं वेगळं. आणि हो, हवेचाही हात असतो, आपल्या मे महिन्याच्या 45 डिग्रीतली हवा डिसेंबरच्या 10 डिग्रीतल्या हवेपेक्षा साधारण 11 टक्के विरळ असते, तेवढी ती कमी अडवते.

टंगस्टनची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे, ते शिशासारखं विषारी नाही. पाणपक्षी दाणे दळायला खडे गिळतात आणि खड्यांसोबत तळ्यातले शिशाचे छर्रेही गिळतात, पोटात ते झिजतात आणि शिशाचं विष रक्तात जातं. यामुळे अमेरिकेत 1991 पासून पाणपक्ष्यांसाठी शिसं बंद झालं, कॅलिफोर्नियात 2019 पासून सगळ्याच शिकारीला. टर्कीसाठी मात्र बहुतेक राज्यांत अजून चालतं.

आणि शिसं सुटत नाही याचं कारण पैसा. शिसं 327 डिग्रीला वितळतं, 1782 मध्ये ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने पेटंट घेतलं तेव्हापासून उंच मनोऱ्यावरून वितळलेलं शिसं खाली सोडायचं, थेंब पडता पडता आपोआप गोल होतात, खाली पाण्यात थंड. टंगस्टन वितळायला 3422 डिग्री पाहिजे, त्यामुळे पावडर दाबून, निकेल-लोखंडासोबत भट्टीत भाजून छर्रे बनवावे लागतात. त्यात जगातलं बहुतेक टंगस्टन चीनमधून येतं. आपल्या नागपूर जिल्ह्यातही कुही-खोबना-आगरगावच्या पट्ट्यात टंगस्टनचं खनिज सापडलेलं आहे, पण बाजार चीनच्याच हातात. एकेका काडतुसाला दहा डॉलरच्या आसपास मोजावे लागतात, शिशाचं त्याच्या काही हिश्श्यात मिळतं, म्हणून सामान्य शिकारी अजून शिसंच भरतो.