स्क्रोल होणाऱ्या आशयावरील रेखाटन (जावा स्विंग)

खिडकीत न मावणारा मजकूर, तक्ता किंवा चित्र स्क्रोलपट्टीने मागेपुढे सरकत असताना त्यावर प्रोग्रामने स्वतः काढलेली खूण. निवडीचा चौकोन, चालू ओळीवरचा फिकट पट्टा, आलेखावर माऊसबरोबर फिरणारी उभी रेघ, कोपऱ्यातला ‘मसुदा’ असा शिक्का ही तिची नेहमीची रूपे. ती कुठे आणि कशी काढायची हा प्रश्न सगळ्याच डेस्कटॉप टूलकिटमध्ये (खिडक्या, बटणे, स्क्रोलपट्ट्या बनवण्याच्या तयार संचांमध्ये) येतो. १९९८ मध्ये जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या १.२ आवृत्तीबरोबर आलेल्या स्विंग या टूलकिटमध्ये मात्र त्याचे बारकावे फार स्वच्छ दिसतात.

स्विंगच्या जेस्क्रोलपेन या स्क्रोलपट्ट्यांच्या चौकटीत जेव्ह्यूपोर्ट (पुढे नुसता व्ह्यूपोर्ट) हा घटक झरोक्याचे काम करतो. झरोका जागेवर असतो, त्यामागचा आशय सरकतो. १०० पिक्सेल खाली स्क्रोल केले की आशयाचा वरचा डावा कोपरा झरोक्याच्या मापाने (०, −१००) वर जातो. म्हणून आधी ठरवायचे ते एवढेच, की खूण आशयाची आहे की झरोक्याची. पोथीच्या पानावर केलेली खूण पानाबरोबर जाते. आरशाला चिकटवलेली टिकली समोरचे माणूस हलले तरी तिथेच राहते. हे न ठरवता कोड लिहायला बसले की पुढचा सगळा वेळ निर्देशांकांशी झटापट करण्यात जातो.

पानावरची खूण सोपी. आशयाच्या घटकाची पेंटकॉम्पोनंट पद्धत (घटक स्वतःला रंगवतो तो कोडचा भाग) नव्याने लिहायची आणि मूळ रेखाटन झाल्यावर आपले काढायचे. सरकण्याचा हिशेब स्विंग करते. नवशिके तेथे स्क्रोलचे अंतर पुन्हा वजा करतात आणि खूण दुप्पट वेगाने पळू लागते. घटकाच्या पोटात आणखी घटक असतील तर ते पेंटचिल्ड्रन या पद्धतीत, म्हणजे नंतर रंगतात व खूण त्यांच्याखाली झाकली जाते. अशा वेळी या दोन्हींना बोलावणारी पेंट पद्धतच हाती घ्यावी लागते.

टिकलीची गोष्ट अवघड. वेग साधण्यासाठी व्ह्यूपोर्ट मूळात ‘ब्लिट’ रीतीने स्क्रोल करतो: पडद्यावर आधीच रंगलेले पिक्सेल उचलून सरकवतो आणि नव्याने उघडी पडलेली पट्टी तेवढी रंगवतो. त्या पिक्सेलांबरोबर टिकलीही सरकते आणि तिचे फराटे उमटतात. उपाय म्हणजे व्ह्यूपोर्टच्या सेटस्क्रोलमोड पद्धतीने ‘सिंपल’ रीत निवडणे. मग दर वेळी दिसणारा सगळा भाग नव्याने रंगतो. काम वाढते, पण चित्र खरे राहते, आणि हा सौदा करण्यासारखा आहे.

दुसरा सापळा जास्त फसवा. स्क्रोलपेनच्याच पेंटमध्ये काढलेली खूण आधी नीट दिसते. मग आतल्या मजकुरात कर्सर लुकलुकतो, स्विंग मजकुराचा तो अपारदर्शक घटकच रंगवते, वरच्या घटकाला विचारतही नाही, आणि तेवढी खूण पुसली जाते. २०११ च्या जावा ७ मधला जेलेयर, म्हणजे दुसऱ्या घटकाभोवती गुंडाळायचा घटक, यासाठी फार उपयोगी: आतले काहीही बदलले तरी रंगकाम त्याच्यापासून किंवा त्याच्या वरच्या घटकापासून सुरू होते. जेलेयर स्क्रोलपेनभोवती गुंडाळला तर टिकली, आशयाभोवती गुंडाळला तर पानावरची खूण. टिकलीसाठी स्क्रोलची रीत तरीही ‘सिंपल’ ठेवलेली बरी.

क्यूटी या दुसऱ्या टूलकिटमध्ये क्यूॲब्स्ट्रॅक्टस्क्रोलएरिया या स्क्रोलच्या मूळ घटकापासून आपला घटक घडवताना पेंटर (रेखाटनाचे साधन) व्ह्यूपोर्टवर उघडावा लागतो आणि स्क्रोलपट्टीची किंमत आपणच वजा करावी लागते, म्हणजे स्विंगच्या नेमके उलट.