प्रकाशनिरोध

प्रकाशनिरोध : पानाला वापरता येईल त्यापेक्षा जास्त प्रकाश मिळाला, की त्याच प्रकाशामुळे त्याची प्रकाशसंश्लेषणाची क्षमता घटते. या घटीला प्रकाशनिरोध किंवा फोटोइन्हिबिशन म्हणतात. उन्हाने पान करपणे किंवा संत्र्याच्या फळावर चट्टा पडणे हे वेगळे. तिथे उष्णतेने पेशी मेलेल्या असतात. प्रकाशनिरोध झालेले पान बहुधा हिरवेगारच दिसते, फक्त काम कमी करते. त्यामुळे तो वावरात नजरेला येत नाही आणि त्याचे खापर पाण्यावर किंवा खतावर फुटते.

ए. जे. एवर्ट यांनी १८९६ मध्ये ही घट नोंदवली आणि बेसेल कोक यांनी १९५६ मध्ये तिचे मोजमाप मांडले. दुपारच्या निरभ्र उन्हात दर चौरस मीटरला दर सेकंदाला सुमारे २,००० मायक्रोमोल प्रकाशकण पोहोचतात. कापूस, तूर, सोयाबीन, संत्रा यांचे एकेक पान त्याच्या पाव ते निम्म्या प्रकाशातच तृप्त होते. ज्वारी आणि मका त्याहून बराच जास्त प्रकाश खपवतात. उरलेल्या ऊर्जेने उत्तेजित झालेले हरितद्रव्य ऑक्सिजनला अतिक्रियाशील रूप देते आणि हा ऑक्सिजन आसपासची प्रथिने व मेद तोडतो.

पहिला घाव फोटोसिस्टिम-२ वर पडतो. पाण्यापासून इलेक्ट्रॉन काढून घेणाऱ्या या यंत्रणेच्या गाभ्यात डी-१ नावाचे सुमारे ३२ किलोडाल्टनचे प्रथिन असते. हरितलवकाच्या पटलांवरील प्रथिनांत सर्वांत वेगाने मोडणारे आणि नव्याने बनणारे प्रथिन हेच. ते मोडण्याचा वेग प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर वाढतो. मंद प्रकाशातही तो शून्य नसतो. म्हणून खरा प्रश्न नुकसान होते का हा नाही, तर दुरुस्ती त्याच्या बरोबरीने चालते का हा आहे.

दुरुस्ती अशी होते. मोडलेली फोटोसिस्टिम-२ पटलांच्या दाट चळतीतून सुटून मोकळ्या पटलांकडे सरकते. तिथे एफटीएसएच हे विकर (एन्झाइम) जुने डी-१ कापून काढते. हरितलवकाच्या स्वतःच्या पीएसबीए जनुकावरून नवे डी-१ तयार होते आणि तयार होता होताच पटलात बसवले जाते. त्याची शेवटची शेपटी कापली जाते, मँगनीजचा समूह जोडला जातो आणि यंत्रणा पुन्हा चळतीत परतते. या कामाला एटीपी (पेशीतले ऊर्जेचे चलन) लागते आणि प्रथिननिर्मिती चालू असावी लागते. म्हणूनच पूर्ण अंधारापेक्षा मंद प्रकाशात पान लवकर सावरते. थंडी, टोकाची उष्णता, पाण्याचा ताण, क्षार यांचा मोठा वाटा नुकसान वाढवण्यात नसून ही दुरुस्ती अडवण्यात असतो, असे जपानी संशोधक नोरिओ मुराता यांच्या गटाच्या प्रयोगांतून पुढे आले. शेतीच्या दृष्टीने या विषयातला सर्वांत उपयोगी मुद्दा हाच आहे.

नुकसान मुळातच कमी व्हावे यासाठीही वनस्पतीकडे अनेक उपाय असतात. सोयाबीन आणि तूर दुपारी पर्णिका उभ्या करून उन्हाला धार दाखवतात. सोयाबीनच्या पानांची फिकट खालची बाजू दिसू लागली, की पीक सुकले असे समजून पाणी सोडले जाते. पण पाने संध्याकाळी पूर्ववत होत असतील तर ती घाई नको. पऱ्हाटीचे (कपाशीचे) पान उलट सूर्याच्या दिशेने वळत राहते, म्हणजे ओलावा टिकवण्याची जबाबदारी तिथे जास्त. पेशीच्या आत हरितलवके निळ्या प्रकाशाच्या इशाऱ्यावर कडेच्या भिंतींना चिकटून एकमेकांच्या सावलीत जातात. ऊर्जेचे रूपांतर बिनधोक उष्णतेत करण्याची सोयही आहे : पटलांच्या आतल्या पोकळीत आम्लता वाढली, की पीएसबीएस प्रथिन जागे होते आणि व्हायोलाझँथिन या पिवळ्या रंगद्रव्याचे झियाझँथिन बनते. पहिली क्रिया सेकंदांत सुरू होते, दुसरीला काही मिनिटे लागतात. ढग आल्यावर ही सोय लगेच बंद होत नाही, तेवढा प्रकाश वाया जातो. ती लवकर बंद होईल असा जनुकीय बदल केलेल्या तंबाखूचे वजन शेतातल्या चाचणीत सुमारे १५ टक्के वाढले (२०१६).

मोजणी क्लोरोफिल फ्लुरोमीटरने, म्हणजे हरितद्रव्यातून परत येणारी क्षीण चमक मोजणाऱ्या उपकरणाने करतात. पानाला क्लिप लावून २० ते ३० मिनिटे अंधारात ठेवतात, मग तीव्र प्रकाशाचा झोत देतात. निरोगी पानाचे, फोटोसिस्टिम-२ ची कार्यक्षमता दाखवणारे एफव्ही/एफएम गुणोत्तर ०.८३ च्या आसपास येते. दुपारी ते उतरून संध्याकाळपर्यंत वर आले तर ते पानाचे संरक्षण समजावे. पहाटे, उजाडण्यापूर्वीही ते खालीच असेल तर दुरुस्ती मागे पडली आहे. नुसत्या दुपारच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

विदर्भात याचा फटका सर्वांत आधी रोपवाटिकेतून बाहेर पडणाऱ्या रोपांना बसतो. ५० टक्के शेडनेटखाली वाढलेली संत्र्याची कलमे किंवा मिरचीची रोपे पातळ पानांची असतात. प्रकाश गोळा करणारा भाग मोठा आणि झियाझँथिनचा साठा कमी. ती थेट उन्हात आली तर दोन-तीन दिवसांत पाने पांढुरकी पडतात. जुने पान उन्हाला अंशतःच सरावते, पूर्ण तयारीचे पान उन्हात फुटलेलेच. म्हणून लागवडीआधी ७ ते १० दिवस नेट आधी सकाळी, मग दिवसभर काढावी आणि लागवड उन्ह उतरल्यावर करावी. नव्या कलमाला दक्षिण-पश्चिमेकडून तुराट्या किंवा पऱ्हाट्या टेकवण्याची जुनी पद्धत योग्यच आहे. एक खबरदारी : चुनखडीच्या जमिनीतही संत्र्याची कोवळी पाने पिवळी पडतात, पण शिरा हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता, सावलीने सुटणारी नव्हे.

मे महिन्यात, विशेषतः नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत), पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पाण्याअभावी पर्णरंध्रे मिटली की कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, ऊर्जा खपत नाही आणि पान हवेपेक्षा तापते. इथे ओलावा आणि आच्छादन हाच पहिला उपाय. केओलिन या पांढऱ्या मातीची ५ ते ६ टक्के फवारणी प्रकाश परतवते, मात्र ढगाळ दिवसांत तोच थर पानाचे उत्पन्न कमी करतो.

थंडीतला प्रकाशनिरोध दुर्लक्षित राहतो. भंडारा-गोंदियाकडे उन्हाळी धानाचे पऱ्हे (रोपे) डिसेंबर-जानेवारीत टाकतात. रात्रीच्या गारठ्यानंतर सकाळचे ऊन स्वच्छ असते, पण विकरे मंदावलेली असतात. पऱ्हे पिवळे पडतात. अशा वेळी युरियाचा हात सैल सोडण्याऐवजी संध्याकाळी विहिरीचे कोमट पाणी वाफ्यात भरून सकाळी काढणे अधिक उपयोगी. थंडी आणि ऊन एकत्र आले की फोटोसिस्टिम-१ लाही (फोटोसिस्टिम-२ कडून आलेले इलेक्ट्रॉन पुढे नेणाऱ्या यंत्रणेलाही) इजा होऊ शकते, आणि ती भरून यायला काही दिवस लागतात.

कपाशीवरील लाल्याचाही (पाने लाल पडण्याच्या विकृतीचाही) याच्याशी संबंध आहे. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी, बोंडांचा भार जास्त आणि रात्री थंड, अशा वेळी पान मिळालेला प्रकाश वापरू शकत नाही व अँथोसायनिन साठवते. हे लाल द्रव्य खालच्या पेशींना पडदा पुरवते, असे बरेच अभ्यासक मानतात. उपाय १ टक्का मॅग्नेशियम सल्फेट (१० लिटर पाण्यात १०० ग्रॅम) आणि स्वतंत्रपणे २ टक्के डीएपीची फवारणी. डीएपी रात्रभर भिजवून वरची निवळी घ्यावी. पूर्ण लाल झालेली पाने परत हिरवी होत नाहीत, म्हणून सुरुवातीलाच फवारावे. तुडतुड्यांमुळेही पानांच्या कडा लाल होतात. आधी पान उलटून पाहावे.

काही तणनाशकेही हीच यंत्रणा वापरतात. ॲट्राझीन आणि मेट्रिब्युझिन डी-१ वर बसून इलेक्ट्रॉनची वाट अडवतात आणि मग प्रकाशच तणाला मारतो. डी-१ मधील २६४ व्या जागी सेरीन या अमिनो आम्लाऐवजी ग्लायसीन आले तर ॲट्राझीन तिथे टिकत नाही. अनेक तणांत प्रतिकार याच एका बदलाने आला आहे. पॅराक्वाट मात्र फोटोसिस्टिम-१ कडून इलेक्ट्रॉन घेते, त्यामुळे भर उन्हात पान काही तासांत करपते. हे मानवाला घातक असून त्यावर उतारा नाही.