लेझरडिस्कवरचे कार्टून आर्केड गेम्स

कॉम्प्युटरने एकही चित्र काढायचं नाही, कलाकारांनी हाताने काढून आधीच शूट केलेलं कार्टून लेझरडिस्कवर (लेझरने वाचली जाणारी व्हिडिओची मोठी तबकडी) भरायचं आणि नाणं टाकणाऱ्याने जॉयस्टिक आणि बटणाने ते पुढे न्यायचं, असे हे आर्केड गेम्स. अमेरिका आणि जपानमध्ये साधारण १९८३ ते १९८५ एवढाच त्यांचा भराचा काळ, पण त्या दोन-तीन वर्षांत आर्केडमध्ये जे दिसलं ते आजही बघावंसं वाटतं.

लेझरडिस्क वापरायची कल्पना आधीची आहे. सेगा या जपानी गेम कंपनीने १९८२ मध्ये जपानमध्ये 'अ‍ॅस्ट्रॉन बेल्ट' दाखवला, त्यात मागे फिल्मचं फुटेज चालायचं आणि त्यावर कॉम्प्युटरने काढलेलं यान उडायचं. म्हणजे फिल्म फक्त मागच्या पडद्यापुरती. फिल्म हाच गेम, हे मोठ्या प्रमाणावर केलं ते जून १९८३ च्या 'ड्रॅगन्स लेअर'ने. कल्पना रिक डायर यांची, मशीन सिनेमाट्रॉनिक्स कंपनीचं आणि अ‍ॅनिमेशन डॉन ब्लुथ यांच्या स्टुडिओचं. ब्लुथ १९७९ मध्ये डिस्नी सोडून स्वतःची टीम घेऊन बाहेर पडलेले, जुन्या पद्धतीचं भरगच्च अ‍ॅनिमेशन टिकलं पाहिजे ही त्यांची तळमळ, आणि ती या गेमच्या प्रत्येक फ्रेममध्ये दिसते. सगळं मिळून जेमतेम २२ मिनिटांचं काम, खर्च मात्र १० लाख डॉलरच्या वर. तरी पैसे कमीच पडले, म्हणून डर्क या शूर सरदाराचा आवाज फिल्म एडिटरने दिला आणि राजकन्या डॅफ्नीचा स्टुडिओतल्याच क्लीनअप (कच्ची चित्रं साफ रेषांत काढणाऱ्या) विभागाच्या प्रमुख बाईंनी.

आत काय चालायचं ते समजून घेण्यासारखं आहे. डिस्कच्या एका बाजूला ५४,००० फ्रेम्स, प्रत्येकीला नंबर. अमुक नंबरपासून तमुक नंबरपर्यंत डावीकडे उडी मारायची की तलवार चालवायची हे प्रोग्रामला ठाऊक असतं, तेवढ्या वेळात बरोबर हालचाल केली तर फिल्म तशीच पुढे जाते, चुकली किंवा उशीर झाला की लेझर दुसऱ्या फ्रेमवर उडी मारतो आणि डर्क मरतो. ही उडी मारायला वेळ लागायचा, तेवढा वेळ स्क्रीन काळी. एका खोलीत टेबलावर 'मला पी' लिहिलेली बाटली दिसते, प्यायलात की संपलात, उजवीकडच्या दाराने पळायचं असतं! काही सीन तर आरशातल्यासारखे उलटे करून पुन्हा यायचे, म्हणजे पाठ झालेलं डावं-उजवं तिथे घात करायचं.

मला विचाराल तर या गेमची खरी श्रीमंती मरणांत आहे. जिंकताना डर्क फक्त पुढे पळतो, पण मरताना तो चिरडतो, वितळतो, जळतो, सांगाडा होऊन कोसळतो आणि प्रत्येक वेळी अ‍ॅनिमेटरचा हात मोकळा सुटलेला दिसतो. त्यामुळे हरणाऱ्यालाही पैसे वाया गेले असं वाटत नसे, एका डावाला ५० सेंट म्हणजे नेहमीच्या दुप्पट असूनही मशीनभोवती गर्दी जमायची, काही ठिकाणी तर बघणाऱ्यांसाठी वर दुसरा मॉनिटर बसवलेला.

त्याच टीमचा 'स्पेस एस' लगेच आला, त्यात हिरो स्वतःच लहान पोरगा होऊन बसलेला असतो आणि 'एनर्जाइझ' बटण दाबून थोडा वेळ पुन्हा मोठा होता येतं, खलनायक बोर्फचा आवाज खुद्द ब्लुथ यांचा. स्टर्न कंपनीने 'क्लिफ हँगर'मध्ये नवीन काहीच न काढता ल्युपिन थर्ड या चोराच्या जपानी कार्टून सिनेमांचे तुकडे जोडले, ते कच्चं वाटतं. जपानमध्ये मात्र चांगलं काम झालं, टाइटोचा 'टाइम गॅल' आणि डेटा ईस्टचा 'रोड ब्लास्टर', दोन्ही १९८५ चे, दोन्हींचं अ‍ॅनिमेशन तोएई या जपानी स्टुडिओचं. 'टाइम गॅल'मध्ये मध्येच वेळ थांबतो आणि तीन पर्यायांतून एक पटकन निवडावा लागतो, ही युक्ती मला फार आवडते.

मग एवढं सगळं असून ओसरलं का? एकतर हालचाली पाठ झाल्या की एकाच नाण्यात गेम संपायचा, नवीन काही उरत नसे. दुसरं, लेझरडिस्क प्लेअर दिवसभर मागे-पुढे उड्या मारण्यासाठी बनलेलेच नव्हते, ते सतत बंद पडायचे आणि मशीन आधीच महाग. ब्लुथ यांचा स्टुडिओही या पडझडीत आर्थिक संकटात सापडला, 'ड्रॅगन्स लेअर'चा दुसरा भाग आर्केडमध्ये यायला १९९१ उजाडलं.

सीडी आल्यावर हेच गेम सेगा सीडीसारख्या घरच्या मशीनवर आले, चित्र दाणेदार झालं पण लोकांना घरी खेळता आले. स्क्रीनवर खूण येताच बटण दाबायचं ही पद्धत पुढे १९९९ च्या 'शेनम्यू' या गेममुळे पुन्हा रुळली, आणि मूळ आर्केड आवृत्त्या पीसीवर चालवणाऱ्या एका एम्युलेटरला (जुन्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम) नाव दिलं गेलं ते राजकन्येचंच, डॅफ्नी.